संस्कारवर्गात हवामानाची वही: मराठवाड्यातल्या मंदिर, मशीद आणि विहारांच्या वर्गांसाठी मार्गदर्शक

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मराठवाड्यात गावोगाव बालसंस्कार शिबिरांचे फलक झळकतात. हरिपाठ, गीतेचा अध्याय, टाळ-पखवाज. मशिदीला लागून मकतब भरतो, आषाढी पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं वाचन सुरू होतं, नांदेडात गुरबाणी शिकवली जाते, चर्चमध्ये रविवारची शाळा असते. या वर्गांना आईबाप लेकरं विश्वासानं पाठवतात आणि इथं शिकवणाऱ्याचा शब्द घरात चालतो. शाळेतल्या पर्यावरणाच्या पुस्तकाच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येतं. प्रकल्पाची वही सजवली, गुण मिळाले, विषय मिटला.

म्हणून हवामान बदलाचं विज्ञान आणि आपल्या यंत्रांचा निसर्गावर पडणारा भार, हे दोन्ही विषय धर्मशिक्षणाच्या वर्गात आले पाहिजेत असं मी ठामपणे म्हणते. ते आणायची एक रीत मात्र आहे. गावात काय घडतंय ते लेकरांनी स्वतः मोजायचं. का घडतंय ते विज्ञानाकडून घ्यायचं. आणि आपण कुणाचं काय देणं लागतो, हे धर्माला विचारायचं. ही तीन कामं एकमेकांत मिसळली की वर्ग भरकटतो. मी लातूर-बीडच्या शिवेवरच्या एका गावात रविवारचा वर्ग घेते. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि आसपासच्या वर्गांतल्या सहकाऱ्यांशी बोलून लिहिलं आहे.

आधी जागा आणि माणूस

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यामुळे हा उपक्रम जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वेळेत करायचा नाही. सभामंडप, मकतब, विहार, समाजमंदिर, एखाद्याचा ओटा या त्याच्या जागा. कुणी विचारलंच की देवाधर्मात हे विज्ञान कशाला, तर कलम ५१-क दाखवा. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत निसर्गाचं रक्षण, जीवमात्रांविषयी करुणा आणि वैज्ञानिक दृष्टी ही कर्तव्यं लागोपाठ लिहिलेली आहेत.

मग वर्ग चालवणाऱ्या महाराजांकडे, मौलाना साहेबांकडे किंवा भन्तेंकडे जा. जाताना लॅपटॉप नेऊ नका. आठवड्याला वीस मिनिटं मागा, त्याहून जास्त नको. आणि पहिल्या भेटीत सांगण्यापेक्षा विचारा: तुम्ही लहान असताना मृगाचा पाऊस कसा यायचा? नदीला पाणी कधीपर्यंत असायचं? वर्षानुवर्षं कीर्तनासाठी गावं पालथी घातलेल्या माणसानं विहिरींची पाणीपातळी, पिकं, सप्ताहाच्या पंगतीतलं अन्न असं पुष्कळ बदलताना पाहिलेलं असतं. ते त्यांच्या तोंडून आलं की विषय त्यांचाही होतो.

भजनी मंडळातल्या बायकांना विसरू नका. घरात पाणी भरणारी बाई कोणत्याही समितीपेक्षा जास्त जाणते. कोणत्या हापशाला कधीपर्यंत पाणी होतं, बोअर किती फुटांवरून किती फुटांवर गेला, जारचं पाणी विकत घ्यायला कधी लागलो, याचा इतिहास त्यांच्याकडेच मिळतो.

दोन वाक्यं दाराबाहेर

पहिलं वाक्य: "पाप वाढलं म्हणून पाऊस पडेना." हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं, पण वर्गात ते एकदाही येता कामा नये. आपल्या भागात नापिकीला आणि कर्जाला कंटाळून शेतकऱ्यांनी जीव दिला आहे. समोर बसलेल्या लेकरांत अशा घरातलं एखादं असू शकतं. दुष्काळ ही पापाची शिक्षा आहे असं आपण शिकवलं, तर ते लेकरू आपल्या बापाबद्दल काय समजेल? शिवाय ते खोटं आहे. ढग माणसाचं पुण्य मोजत नाहीत. उलट, ज्यांनी हवेत धूर सगळ्यांत कमी सोडला त्यांच्याच शेतावर गारा पडतात.

दुसरं वाक्य: "हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच लिहिलंय." प्रत्येक धर्माच्या वर्गात हा मोह होतो. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण कोणत्याही संतानं, पैगंबरानं किंवा बुद्धानं मोजलं नव्हतं आणि त्यात त्यांचा कमीपणा नाही. दया, संयम, हव्यासाला आवर, पुढच्या पिढीचं ऋण हे त्यांनी शिकवलं आणि ते आजही लागू आहे. ओवीतून रसायनशास्त्र काढायला गेलात तर ओवीचाही अर्थ जातो आणि रसायनशास्त्रही कळत नाही.

वही: पावसापासून सुरुवात

सगळ्यांत महत्त्वाचं साधन म्हणजे एक जाड वही. ती देवळात, मशिदीत किंवा विहारात राहील, कुणाच्या घरी जाणार नाही. तिच्यात पाऊस लिहायचा.

पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. सरळ अंगाची दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. निमुळता भाग कापा आणि उलटा करून फनेलसारखा आत बसवा. बाटलीचं बूड खडबडीत असतं, म्हणून तळाशी बारीक खडे घाला. त्यामुळे वाऱ्यानं ती पडतही नाही. खडे बुडून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओता आणि तिथं शून्याची खूण करा. त्या खुणेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रोज वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवायचं.

जागा मात्र नीट निवडा. लेकरं हटकून पारावर, पिंपळाखाली ठेवतात. झाडाखाली पाऊस अडतो आणि मग उशिरापर्यंत ठिबकत राहतो. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली असावी. वाचायची वेळ सकाळी साडेआठ. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो, त्यामुळे आपला आकडा महसूल मंडळाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहता येतो. दोन्ही आकडे जुळणार नाहीत. मंडळाचं यंत्र दुसऱ्या गावात असतं आणि आपल्याकडचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर पडत नाही. हा फरक का पडतो, यावरच एक तास जातो. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी होते आणि पंचनाम्याची चर्चा सुरू होते. आपली बाटली सरकारी पुरावा नाही, हे लेकरांना स्पष्ट सांगा. पण ६५ म्हणजे किती हे बाटलीत डोळ्यांनी पाहिलेलं पोर वर्तमानपत्र वेगळ्या नजरेनं वाचायला लागतं.

वहीत तारीख, मिलिमीटर, आभाळ आणि नक्षत्र असे चार रकाने आखा. नक्षत्राचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. मृग ७-८ जूनच्या आसपास निघतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असे साधारण साडेतेरा-साडेतेरा दिवसांचे कप्पे होतात. पावसाळ्याचे हे आयते भाग आहेत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी त्याच कप्प्यांत साठलेल्या असतात. ही नक्षत्रं सूर्याच्या गतीवर चालतात, म्हणून या वर्षीची आर्द्रा आणि पुढच्या वर्षीची आर्द्रा यांची तुलना रास्त ठरते. मकतबात हिजरी महिना लिहायला हरकत नाही, पण तुलना इंग्रजी तारखेनं करा. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतं आणि रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१८ आणि २०१९ चे रोजे मे-जूनच्या उन्हात आले होते, हे घरातल्या मोठ्यांना चांगलं आठवतं.

मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर आहे. ती वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि एक कोष्टकही: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. याची गरज पुढं पडणार आहे.

विज्ञान किती आणि कसं

चार गोष्टी पुरतात, पण त्या पक्क्या व्हायला हव्यात.

सूर्याच्या उन्हानं जमीन तापते आणि ती उष्णता परत आकाशाकडे फेकते. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन त्यातली बरीच अडवतात. गोधडी स्वतः गरम नसते, अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसंच हे आहे. अनुभव हवा असेल तर पौषातल्या रात्री आठवायला सांगा. आभाळ निरभ्र असलं की पहाटे हुडहुडी भरते, आभाळ आलं की थंडी पळते. हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या घरांत हे शिकवावं लागत नाही. दोन बरण्या, एकीत वायू भरून दिव्याखाली ठेवायचा प्रयोग इंटरनेटवर सगळीकडे दिसतो, तो मी करत नाही. त्यात दिसणारा फरक बऱ्याच वेळा वेगळ्याच कारणानं पडतो आणि चुकीच्या पुराव्यानं पटलेली खरी गोष्ट पुढं टिकत नाही.

हे ज्ञान नवं नाही, हेही सांगा. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकी बाईंनी काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइड जास्त तापतो हे नोंदवलं. १८५९ मध्ये जॉन टिंडलनं वायू उष्णता अडवतात हे मोजलं. १८९६ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियसनं कोळशानं पृथ्वी किती तापेल याचा हिशेब कागदावर मांडला. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातोय. तीही एक वहीच आहे, वर्षानुवर्षं जवळपास न चुकता भरलेली. आपली पोरं कोणत्या परंपरेत बसली आहेत, हे त्यांना कळू द्या.

दुसरी गोष्ट आकड्यांची. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर आहे. १८५०-१९०० या काळाशी तुलना केली तर २०११-२०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे १.१ अंशानं वाढलेलं होतं. २०२४ हे एकटं वर्ष दीड अंशाची रेघ ओलांडून गेलं.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यांत जवळची आहे. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. त्यामुळे उघडीप पडली की जमिनीतली ओल झपाट्यानं उडते आणि पाऊस आलाच तर धो धो येतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं उभी सोयाबीन पाण्यात गेली, जमिनी खरवडून निघाल्या. "एकीकडं दुष्काळ, एकीकडं पूर, मग हवामान शास्त्रज्ञांचं म्हणणं खरं कुठलं?" असं लेकरं विचारतात. दोन्ही एकाच कारणानं वाढू शकतात, हे सात टक्क्यांचं उत्तर त्यांना पटकन समजतं.

चौथी गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदल सिद्ध होत नाही, त्यासाठी तीस वर्षांची सरासरी पाहतात. दुष्काळ आधीही पडत होते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप हवामानामुळे झाला नाही. तो जमिनीच्या पोटातल्या हालचालींचा प्रकार आहे आणि लेकरं तो हमखास यात ओढतात. आणि मराठवाड्याची तहान फक्त हवामानानं वाढलेली नाही. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत, बोअर पाडायची स्पर्धा लागली आहे आणि पावसाच्या दुप्पट-तिप्पट पाणी पिणारा ऊस आपणच लावतो. हे बोलताना सांभाळा. वर्गातल्या निम्म्या घरांचा चरितार्थ त्या उसावर असतो, काहींचा तो तोडण्यावर. दोष न देता पाण्याचा हिशेब मांडा, एवढं पुरे.

यंत्रांचा हिशेब

यंत्र म्हणजे वाईट, असा सूर पहिल्याच दिवशी लावलात तर लेकरं गप्प बसतील आणि घरी जाऊन रील बघतील. सौर पंप, ठिबक, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला ही सगळी यंत्रंच आहेत. मोजा, मग बोला.

सुरुवात देवळाच्या वीज मीटरपासून करा. दर रविवारी एका मुलानं आकडा वाचून वहीत लिहायचा. आपल्या देशातल्या विजेचा मोठा भाग कोळशातून येतो, म्हणून एका युनिटमागे ढोबळमानानं ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा. आता सप्ताहातला एक हजार वॅटचा हॅलोजन घ्या. रोज आठ तास, सात रात्री: ५६ युनिट, म्हणजे जवळपास ४० किलो. त्याच जागी शंभर वॅटचा एलईडी लावला तर सहा युनिटही होत नाहीत. जनरेटर चालला तर डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो. ही गणितं पाचवीचं पोर करतं आणि ती झाली की सप्ताह समितीच्या बैठकीत ते हात वर करतं. मी हे पाहिलं आहे. समितीतल्या काकांनी कागद मागून घेतला, दोनदा बेरीज तपासली आणि मंडपवाल्याला तिथूनच फोन लावला.

परळी जवळ असेल तर परळीचा विषय घ्याच. ज्योतिर्लिंग आणि औष्णिक वीज केंद्र एकाच गावात आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं आणि यंत्र थंड ठेवायला पुन्हा पाणी. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथले वीजसंच बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या धुरानं हवा तापते, तापलेल्या हवेनं पावसाचा भरवसा जातो आणि पाऊस गेला की कोळशाचं केंद्रही थांबतं. राखेच्या तळ्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या अंगणात काय साठतं, ते तिथल्याच लेकरांना सांगू द्या.

फोनचा हिशेब लेकरांना चकित करतो. पाच हजार मिलिअँप-तासांची बॅटरी रोज एकदा पूर्ण चार्ज केली, चार्जरमध्ये वाया जाणारं धरलं, तरी वर्षाला नऊ युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे सहा-साडेसहा किलो. कंपन्यांच्या स्वतःच्या हिशेबात मात्र एका स्मार्टफोनचा आयुष्यभराचा आकडा साधारण ५० ते ८० किलो असतो आणि त्यातला बहुतांश फोन तयार होतानाच खर्ची पडलेला असतो: खाणी, चिप, कारखाना. म्हणून चार्जर काढून ठेवण्यापेक्षा फोन आणखी दोन वर्षं वापरणं, फुटलेली काच बदलून घेणं, हे कितीतरी मोठं काम आहे. अपरिग्रह शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता मोठी मुलं एआयला प्रश्न विचारतात, काही तरुण कीर्तनकारही दाखले शोधायला ते वापरतात. त्यांना घाबरवू नका. गूगलनं २०२५ मध्ये दिलेल्या स्वतःच्या आकड्यानुसार मजकुराच्या एका प्रश्नाला सुमारे पाव वॅट-तास वीज लागते, म्हणजे अगदी थोडी. पण अशा सगळ्या वापराची बेरीज जिथं होते त्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज वापरली आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून जास्त होईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. एकट्याचं थोडं आणि सगळ्यांचं डोंगराएवढं, ही गोष्ट पंगतीत उष्टं टाकणाऱ्यालाही लागू होते.

बंद पडलेल्या वस्तू गोळा करताना काळजी घ्या. २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर प्रक्रियेला गेला नाही. देवळात खोकं ठेवा, पण त्यात फक्त चार्जर, वायरी, रिमोट, जुने फोन. फुगलेली बॅटरी लेकरांनी हाताळायची नाही. मोठ्या माणसानं ती वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर ठेवायची. सीएफएल आणि ट्यूब फोडायच्या नाहीत, आत पारा असतो. तांब्यासाठी वायरी जाळणं बंद. गोळा झालेलं सामान नोंदणीकृत संकलकाकडेच द्या. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवरही टाकलेली आहे, हे मोठ्या मुलांना माहीत असावं.

कथा कुठं बसवायची

वृक्षवल्लीच्या अभंगापासून सुरुवात करू नका. वृक्षारोपणाच्या प्रत्येक फलकावर तो असतो आणि लेकरांच्या कानाला त्याची इतकी सवय झालेली असते की अर्थ आत जात नाही. तो नंतर घ्या. मी संत एकनाथांपासून, म्हणजे आपल्या नाथांपासून सुरू करते, कारण पैठण आपलं आहे आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

रामेश्वराला वाहण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड नेताना वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजलं, ही कथा पूर्ण, रंगवून सांगा. मग थांबा. बोध सांगू नका. विचारा: आपल्या गावातलं ते गाढव कोण? पहिली उत्तरं खेळकर येतात, येऊ द्या. थोड्या वेळानं खरी येतात. टँकर सगळ्यांत शेवटी कुठं जातो? आमच्या वर्गात एका मुलीनं हळूच सांगितलं, "तांड्यावर. आमच्याकडं येईस्तोवर पाइपात हवाच राहती." तिच्या शेजारी सरपंचांचा नातू बसला होता. त्यानं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या कुणी म्हणालं, ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना घागर उचलत नाही. यापुढं शिकवायला फारसं उरत नाही, फक्त टँकरच्या फेऱ्या कोणत्या वस्तीवर कधी झाल्या याचा एक रकाना वहीत वाढवायचा.

मकतबात बादलीचा धडा घ्या. नळ सोडून वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं, करताना खाली बादली ठेवा आणि किती पाणी गेलं ते मोजा. मग सांगा की पैगंबर एका मुदमध्ये वुजू करत, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीकाठी असलात तरी पाणी वाया घालवू नका, ही हदीस त्यानंतर सांगितली की ती थेट बादलीवर लागू होते. लोट्यानं पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे भिंतीवर लावा. छत्रपती संभाजीनगरला सहल नेता आली तर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की दाखवा: लांबून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी, त्यावर फिरणारं जातं, धूर नाही. कयामत समोर दिसली आणि हातात रोप असेल तरी ते लावा, ही हदीस मोठ्या मुलांसाठी राखून ठेवा. निराश झालेल्या पोराला ती उभं करते.

विहारात काम सोपं आहे. वर्षावासच पावसाचा आहे. पावसाळ्यात फिरताना भिक्खूंच्या पायाखाली कोवळी पिकं आणि जीवजंतू चिरडले जातात म्हणून एका जागी राहण्याचा नियम झाला. त्या तीन महिन्यांत पावसाची वही तिथं ठेवा. प्रतीत्यसमुत्पादाची साखळी, म्हणजे हे असलं की ते होतं, हे थांबलं की ते थांबतं, ही पद्धत हवामानाच्या विज्ञानाला जशीच्या तशी चालते. लेकरांना चिठ्ठ्यांवर कोळसा, वीज, फोन, ऊब, वाफ, गारपीट, पंचनामा लिहायला सांगा आणि दोऱ्यानं जोडायला लावा. कोणता दोरा आपण कापू शकतो, यावर भांडणं होतील. होऊ द्या.

नांदेडच्या वर्गांना जपजी साहिबच्या शेवटच्या सलोकातले वारा गुरू, पाणी पिता, धरती माता हे शब्द हाताशी आहेत. लिंगायत घरांत कायक (कष्ट हीच पूजा) आणि दासोह (मिळालेलं वाटून घेणं) आहे, चर्चमध्ये बाग राखायला माणसाला नेमल्याचा बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला प्रसंग आहे. त्या त्या वर्गातल्या माणसानं आपलं निवडावं. मी बाहेरून ते सांगणं योग्य नाही.

देवळानं आधी करायचं

लेकरांना बचत शिकवून सभामंडपात दिवसभर पंखे फिरत राहिले तर लेकरं बरोबर ओळखतात. म्हणून पहिल्या वर्षात संस्थेनं एक तरी दिसेल असं काम करावं. माझ्या मते ते छताचं पाणी. सभामंडपाचा वीस बाय तीस फुटांचा पत्रा म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. ६८० मिलिमीटर पावसात त्यावर ३८ हजार लिटर पडतं, वीस टक्के सांडलं धरलं तरी ३० हजार हाती लागतं. हे गणित लेकरांकडूनच फळ्यावर करून घ्या आणि पन्हाळी लावायचा खर्च शेजारी लिहा. पहिल्या पावसाचं धुतलेलं पाणी बाहेर सोडायचं. बाकीचं टाकीत किंवा खडी-वाळूच्या शोषखड्ड्यात. गाळलेलं नसेल तर थेट बोअरमध्ये कधीच सोडू नका, बोअर गाळानं बसतो.

दुसरं काम सप्ताहाच्या पंगतीचं: थर्माकोल बंद, स्टीलची ताटं किंवा पळसाच्या पत्रावळ्या, आणि रोज उरलेलं अन्न वजन करून फळ्यावर. वजन लिहायला सुरुवात केली की वाढपी आपोआप हात आखडतात.

अवघड प्रश्न

"धोंडी मागितली, नमाज पढली, तरी पाऊस का नाही आला?" प्रार्थना किती लागू पडली हे मोजायला आपली वही नाही, असं सरळ सांगा. संकटात माणसं एकत्र येऊन हात जोडतात, त्यानं धीर येतो. पाऊस कुठून येतो तो वेगळा प्रश्न आहे आणि तो आपण बाटलीनं आणि पुस्तकानं सोडवतो.

"आजोबा म्हणतात बहात्तरचा दुष्काळ याहून मोठा होता." आजोबांना वर्गात बोलवा. ते सांगतील की १९७२ ला खायला धान्य नव्हतं, पण विहिरी थोडं खोल खणल्या की पाणी लागायचं. अलीकडच्या दुष्काळांत रेशनवर धान्य होतं आणि प्यायला पाणी नव्हतं. मधल्या काळात जमिनीखालचं पाणी कुठं गेलं, हा प्रश्न मुलांनी आजोबांनाच विचारावा.

"सूर्यच जास्त तापला असेल." तसं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. मोजमापात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. ऊब खालीच अडकली तरच असं होतं.

"आपण एवढे गरीब, मग आपल्यालाच त्रास का?" हा सगळ्यांत खरा प्रश्न आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. इथं विज्ञानाचं काम संपतं. न्याय म्हणजे काय, जास्त वापरणारा कमी वापरणाऱ्याचं काय देणं लागतो, हे आता महाराजांनी, मौलानांनी, भन्तेंनी बोलायचं. त्यासाठी त्यांना पूर्ण तास द्या आणि आपण मागं बसा.

लेकरू घाबरलं तर समजूत घालत बसू नका, हाताला काम द्या. प्रत्येक वर्ग एखाद्या कामानं संपला पाहिजे: फनेल पुसणं, मीटर वाचणं, रोपांना ओंजळभर पाणी.

वर्षाच्या शेवटी काल्याच्या दिवशी, ईदनंतरच्या जुम्म्याला किंवा आश्विन पौर्णिमेला पाच मिनिटं मागून घ्या आणि लेकरांकडून वही वाचवून घ्या: नक्षत्रवार पाऊस, युनिट, उष्ट्याचं वजन, टँकरच्या फेऱ्या. भाषण नको, आकडेच. मग वही धाकट्यांपैकी दोघांच्या ताब्यात द्या, एक मुलगी आणि एक मुलगा. रोहिणी संपायच्या आत त्यांच्याकडून फनेल धुऊन घ्या, खडे बदला, शून्याची खूण पुन्हा तपासा आणि पिंपळाची नवी फांदी बाटलीच्या डोक्यावर आली असेल तर जागा बदला.